पडद्याबाहेर आलेला हात

प्रिय वहिनी,

उद्या दादांचं दुसरं लग्न आहे. ही बातमी तुम्हांला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. मुलगी कागलकडची आहे म्हणे. जेवताना आई मला म्हणाली, "आली की तिला वैनी म्हणून हाक मार बरं का, न्हाईतर पोरीला परकं वाटंल." मी ताट सरकवलं आणि माडीवर निघून आलो. तुमची हाक मी अशी दुसरीला कशी देऊ?

तुम्ही म्हणाल, "भावजी, पुन्हा ताटावरनं उठला? अन्नावर कसला राग?" म्हणा. कुणीतरी म्हणायला हवंच आहे.

तुम्ही या घरात आलात तेव्हा तुमच्या अंगाला अजून शाहूवाडीच्या भाताचा वास होता. आठवतं? मागच्या सोप्यात बसून मला सांगायचात, "आमच्याकडं पोरी गुडघाभर चिखलात रोप लावत्यात. पाऊस पाठीवर घ्यायचा न् गाणी म्हणायची!" आणि इथं? दादा महाराजांच्या पागेत कारकून, आपलं घराणं मानाचं, म्हणून घरातल्या बाईनं पुढच्या दारात उभंसुद्धा राहायचं नाही. अख्खा डोंगर हुंदडलेली मुलगी तुम्ही, इथं तुम्हांला आभाळ दिसायचं ते परसातलं, तेवढंच. तरी हसायचात! कुठून आणायचात हो ते हसू?

माझं गुपितही तुम्हीच हसत हसत काढून घेतलंत. शिरोळची ती मुलगी दर नवरात्रात मामाकडे, आपल्या मागच्या बोळात यायची, आणि त्या दिवसांत माझी कॉलेजची वाट नेमकी त्या बोळातूनच जायची. "भावजी, कॉलेज तर उगवतीला. तुमी मावळतीला कुठं निघाला?" तुम्ही विचारलंत आणि माझे कान तापले. मग म्हणालात, "तुमच्या दादांच्या कानावर मी घालीन. पर आधी परीक्षा पास व्हा." दादांशी तोंड वर करून बोलायची तुमची प्राज्ञा नव्हती, हे मला कळत होतं. तरी मी निर्धास्त झालो!

आणि तो विंचवाचा दिवस. तो मी विसरेन म्हणता?

परसात शेण्या काढायला गेलात आणि पायाला डसला. विंचू उतरवणारा आला, लिंबाचा पाला फिरवून गेला. तुमचं अंग घामानं भिजलेलं, हातपाय गार, उलटी थांबेना. मी ओरडलो, "दवाखान्यात न्या!" आई म्हणाली, "आपल्या घरची बाई दवाखान्याची पायरी चढलेली न्हाई अजून." दादा नुसत्या येरझारा घालायला लागले. शेवटी मीच शेजारच्या दस्तगीरचाचांना हाक मारली. त्यांनी त्यांची बैलांची दमणी जुंपली, तर आई त्या गाडीला चारी बाजूंनी पडदे बांधत बसली! बांधलेले पडदे वाटेत सुटायला लागले, तशी आतून आई ओरडली, "दस्तगीर, पडदा बघ!" चाचा वैतागले, "आवो आक्का, बैलं पळवू का पडदा धरू? एक कायतरी सांगा!" त्या वेदनेतही तुम्ही फिस्सकन हसलात. दादा आणि मी मागे पळत होतो, मला ऐकू आलं.

रंकाळ्याच्या वाटेवरचा तो दवाखाना केवढासा! कौलारू पडवी, दोन खाटा, एक डॉक्टर, एक कंपाउंडर. ऊस तोडताना बोट तुटलेला कुणीतरी बाकावर विव्हळत होता. त्याला बाजूला ठेवून डॉक्टर उठले, पण दादांनी आधी आडोशाला पांघरायची पासोडी मागितली. तिचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. पलीकडे खाटेवर तुम्ही आणि आई, अलीकडे डॉक्टर. ते पुण्याकडचे, नवे. म्हणाले, "हात तरी बाहेर द्या. नाडी पाहू द्या."

पासोडीखालून हात आला. डॉक्टरांनी नाडी धरली. "नाडी छान चालली आहे. घाबरू नका. घरी न्या, गरम दूध द्या."

दादांनी सुस्कारा टाकला. चाचा दमणी वळवायला निघाले. आणि माझी नजर त्या हातावर गेली. मनगटात काकण नाही! तुमच्या हातात तर हिरवा चुडा होता. काकण नसलेला हात त्या पडद्यामागे एकच होता, माझ्या विधवा आईचा!

परक्या पुरुषानं सुनेचा हात धरू नये, म्हणून आईनं स्वतःचा पुढे केला होता, वहिनी. तिच्या मनात कपट नव्हतं. नंतर ती मला म्हणाली, "नाडी ती नाडीच की रं. सुनंची काय न् सासूची काय!"

मी पासोडी हिसकली. ती टरकन फाटली. दादांनी भर दवाखान्यात माझ्या मुस्काटात मारली. "लाज न्हाय तुला? पागंतली माणसं काय म्हणतील?" "म्हणू द्या! वैनी मरायला लागल्यात!" मी दादांच्या अंगावर धावलो आणि कंपाउंडरनं मला कमरेला धरून मागे ओढलं.

डॉक्टरांनी एकदा खाटेकडे बघितलं. तुमचे ओठ निळे पडले होते. ते आईला म्हणाले, "आजीबाई, तुमची नाडी उत्तम आहे. शंभर वर्षं जगाल. पण विंचू कुणाला चावलाय?" आणि कुणाला न विचारता त्यांनी तुमचा पाय धरला. धुतला, औषध टोचलं, तापलेल्या विटा फडक्यात गुंडाळून शेक द्यायला लावला. दादा भिंतीकडे तोंड करून उभे. मी पायरीवर, गाल चोळत. उन्हं कलली तेव्हा आतून तुमचा आवाज आला, "भावजी जेवलं का?"

वहिनी, त्या वेळी मी लहान पोरासारखा रडलो. आता सांगायला हरकत नाही.

पुढे किती दिवस तुम्ही त्या प्रसंगाची नक्कल करायचात! पदर दोन्ही हातांनी ताणून पडदा करायचा, खालून हात काढायचा आणि डॉक्टरांच्या आवाजात "छान चालली आहे!" मला हसून ठसका लागायचा. पण हळदीकुंकवाला भावकीतल्या बायका काय बोलायच्या, ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. "हिचा पाय डाक्टरानं धरलाय म्हणं!" असं तोंडावर म्हणायच्या. मला आत्ता, आईकडून कळलं. का नाही सांगितलंत? मी त्यांच्या दारात जाऊन दंगा केला असता म्हणूनच ना?

मग शिरोळचीचं लग्न दुसरीकडे झालं आणि मी भर वर्गातून उठून आलो तो पुन्हा कॉलेजात गेलोच नाही. दादा संतापले. शिक्षा म्हणून मला गुऱ्हाळावर धाडलं, आणि कुठल्या गावाला, तर शिरोळला! त्यांना काय माहीत! निघताना तुम्ही दाराआडून म्हणालात, "उंदराला शिक्षा म्हणून गुळाच्या ढेपंवर बसवलंय. पर भावजी, ढेप दुसऱ्यानं नेली की वो." घरात मला हसणारे पुष्कळ होते. माझ्याबरोबर हसणाऱ्या तुम्ही एकट्या.

तेच तुमचं शेवटचं बोलणं. मी रसाच्या काहिलीपाशी गूळ ढवळून घेत होतो आणि इकडे तुमच्या पोटात दुखत होतं. तुम्ही भाकरी थापत होतात, धुणं धूत होतात, हसतही होतात म्हणे. चुलीपुढे कोसळलात तेव्हा घराला कळलं. या वेळी दादा स्वतः धावत जाऊन डॉक्टरांना घरी घेऊन आले, पडदासुद्धा धरला नाही. पण उशीर झाला होता.

तुमचं दुखणं आईला मात्र आधीच कळलं होतं. परवा तोंडाला पदर लावून ती म्हणाली, "मी तिला म्हटलंतं, दवाखान्यात जाऊया. ती म्हणाली, नगं आत्याबाई. भावजींच्या कानावर जाईल, ते येतील, दंगा करतील. दोघा भावांत पुन्हा मारामारी नगं."

असं कुठं असतं का, वहिनी? माझा आवाज मोठा, म्हणून तुम्ही तुमचा गिळलात? मी एकदा ओरडलो ते तुम्ही जगावं म्हणून! मी रागावलोय तुमच्यावर. खूप रागावलोय. या, आणि समजूत काढा.

नाही येणार तुम्ही. उद्या येईल ती वेगळीच पोर. परकं घर, पुढचं दार बंद, दादांचा धाक, आईचा सोवळा जीव, आणि मी. भिंती हादरवणारा दीर बघून तीही दुखलं-खुपलं गिळायला शिकेल. तसं मी होऊ देणार नाही. तिला मी वैनी म्हणेन, घशात अडकलं तरी. दादांशी भांडण निघालं तर परसात जाऊन लाकडं फोडीन. रोज तिच्याशी इतक्या हळू बोलेन की काही दुखलं तर ते सांगायला तिला माझी भीती वाटणार नाही. मला ते जमत नाही, तुम्हांला माहीत आहे. पण शब्द देतो. उद्यापासून.

तुमचा भावजी,
यशवंत