अण्णांचं शे

नाशिक रोड, ६ ऑगस्ट

ती. मालनआत्यांना,
तेजस्विनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. तुमचे भाऊ, आमचे अण्णा, परवा दवाखान्यातून घरी आले. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजवा हात उचलता येत नाही आणि बोलणं गेलंय. एकच अक्षर उरलंय, शे. उठल्यावर शे, जेवताना शे, छताकडे बघत शे.

आधी मला वाटलं, शेव मागताहेत. डबाभर आणली, तर तोंड फिरवलं. मग वाटलं, शेक हवाय. गरम पाण्याची पिशवी खांद्याला लावली तर असे रागावले की काय सांगू! रविराज म्हणतो, बाबांनी जन्मभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात पेट्या मोजल्या, अजून दोनशे-तीनशे चाललंय डोक्यात. डॉक्टर म्हणाले, समज किती उरलीय ते सांगता येत नाही.

समजच नसेल तर शुश्रूषा केंद्रात ठेवू, असं रविराज म्हणतो. पुढच्या महिन्यात तिथे एक खाट रिकामी होतेय. आम्ही नवरा-बायको दोघं नोकरीला जाणारे, त्याचंही चुकत नाही. पण आत्या, अण्णा माझ्याकडे असे बघतात की वाटतं, आत माणूस जागा आहे. या शेचं मी काय करू, तुम्हीच सांगा.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.
तुमची, तेजस्विनी

सटाणा, ११ ऑगस्ट

चि. सौ. तेजस्विनीस मालनआत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र माझी नात सृष्टी हिने वाचून दाखवलं. शेवेपाशी हसले आणि खाटेपाशी रडले. अगं वेडाबाई, तो काय मोजत नाय! शे म्हणजे आहे. आमची अहिराणी ती. नोकरीच्या गावी लोक हसायला लागले तशी खंडूने, तुझ्या अण्णांनी, ती टाकली, तुमच्या घरात कधी आणली नाय. आता बाकी सगळं गेलं आणि घरची बोली तेवढी राहिली बघ.

सृष्टी कॉलेजात भाषा शिकते. ती म्हणते, तुमचं दोनशेतलं शे संस्कृत शतावरून आलं, आमचं निराळं. आमचं गुजरात्यांच्या छेच्या आणि बंगाल्यांच्या आछेच्या गोतातलं. फार जुन्या प्राकृतात अच्छइ होतं म्हणे, म्हणजे असतो, राहतो. मला त्यातलं काय कळत नाय. मला आमची विहीर आठवते.

गाळ काढायला खंडू खाली उतरायचा, कमरेला दोर बांधून, आणि दुसरं टोक माझ्या हातात. अंधारात तो दिसायचा नाय. जीव घाबरला की मी ओरडायचे, शे का रे भाऊ? खालून यायचं, शे! तेवढ्यावर माझा धीर टिकायचा. आता तो पुन्हा खाली गेलाय आणि वरून कोणी विचारत नाय, म्हणून आपला आपणच सांगत बसलाय. तू विचार पोरी. आणि रविराजला म्हणावं, दोर सोडू नको.

आमच्यावर माया ठेवता, तशीच ठेवा.
तुझी, मालनआत्या

नाशिक रोड, १७ ऑगस्ट

ती. आत्यांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातली पिशवी तशीच घेऊन अण्णांच्या खाटेशी गेले. वाकून विचारलं, शे का अण्णा? आत्या, अण्णा किती रडले हो! डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाले, शे. रविराज दारातच उभा होता. अण्णांनीच त्याच्याकडे बघून विचारलं, शे? तो आधी हो, आहे म्हणाला. मग सुधारून शे म्हणाला आणि लहान मुलासारखा त्यांच्या कुशीत शिरला.

केंद्राला त्याने स्वतःच नको म्हणून कळवलं. दिवसापुरती एक बाई ठेवलीय. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी सुरतची निघाली. ती विचारते, सारुं छे, म्हणजे बरं आहे ना? अण्णा म्हणतात, शे. त्यांचं छान जमलंय, मलाच आता दुभाषी लागेल!

आत्या, तुमचे उपकार मी कुठे ठेवू? तुम्ही आमचा माणूस आम्हाला परत दिलात. तुमचेही गुडघे दुखतात, सृष्टी कॉलेजात गेली की एकट्या पडता, इथे काळजी वाटते. मोठं पत्र नका लिहू. अधूनमधून एकच अक्षर पाठवा, आम्हाला पुरेल.

आता माझी आई तुम्हीच, हे विसरू नका.
तुमची, तेजस्विनी

सटाणा, २२ ऑगस्ट

चि. सौ. तेजस्विनीस अ. उ. आ.

शे.

आणि ती डबाभर शेव तशीच पडली असेल तर पाठवून दे. दातही अजून शेतस.

मालनआत्या