सव्वादोनचं माप

॥ श्री ॥
कामरगाव, ता. ३ जानेवारी १९७४

ति. पानाअक्कास, हीराचा सा. न. वि. वि.

सुनेच्या, बेबीच्या, नवव्या महिन्याच्या ओटीसाठी तुमच्या दुकानातून आलेल्या हिरव्या बांगड्या वापस करून राह्यली. सव्वादोनच्या सांगितल्या, तू लहान धाडल्या. साबण लावूनही चढल्या नाहीत. तुले आता चष्मा लागला.

पंधरा दिवसांत पोरगी अशी भरली, की चपलाही होईनात. सारी माझ्या डिंकाच्या लाडवांची करामत; गल्लीभर फुशारकी मारून झाली. तिचं डोकं तेवढं दुखते. ते माझ्या बडबडीनं, असं हे म्हणतात.

अडीचच्या धाड. लोभ आहे तेवढाच राहू दे, माप तेवढं वाढव.

तुझी हीरा

रिसोड, ता. ६ जानेवारी

चि. हीरास, अनेक आशीर्वाद.

बांगड्या मोजल्या. सव्वादोनच्याच आहेत. पोरीचा हात सुजला, हीरा.

तीस वर्षं बायकांचे हात दाबून बांगड्या भरल्या, पण अक्कल नाही आली. गेल्या साली गरोदर गोजराबाईचा हात असाच फुगला. डोकं दुखते म्हणे, तर मी शहाणीनं तिले चहा पाजला अन् बाळसं आलं म्हणून हसली. आठव्या दिवशी झटके येऊन ती गेली. मंग नर्सबाईनं सांगितलं, की हातातोंडावर सूज, डोकं दुखणं, डोळ्यापुढं अंधारी, ही रक्ताचा दाब वाढल्याची खूण. तवापासून हात दाबला की मी डोक्याचं विचारते. गिऱ्हाइकं मले डॉक्टरीणबाई म्हणतात. तूही हास, पण एसटीत बसून हास.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून ह्यांच्याच हाती पत्र धाडलं. ह्यांच्यासाठी चहा ठेवत बसू नको. बेबीले आजच अकोल्याच्या दवाखान्यात ने.

अडीचच्या मी धाडणार नाही. लोभ आहे म्हणूनच रागावते.

तुझी अक्का

अकोला, ता. १९ जानेवारी

ति. अक्कास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसलीच. मंग बेबीले सहज विचारलं, तर दोन दिवसांपासून तिले माझं तोंड धुरकट दिसत होतं. मी समजली, सून लाजून वर पाहत नाही.

डॉक्टरांनी दंडाले पट्टा दोनदा बांधला. लघवी नळीत तापवली, तर फाटल्या दुधावाणी पांढरी झाली. आणखी एक दिवस घरी ठेवली असती, तर झटके आले असते म्हणे. मी लाडवांचं विचारलं. ते म्हणाले, ही सूज आहे, बाळसं नव्हे. मी डबा पिशवीत दडवला. मले लई भेव वाटलं, अक्का.

लेकरू लवकर काढावं लागलं. पोरगी आहे. मुठीएवढी, पण आवाज माझ्यावर गेला.

बेबीची सूज उतरली. मी वापस केलेल्या त्याच बांगड्या धाड. मनगट धरून पाहिलं, साबण लागणार नाही.

लोभ वाढव, माप तेच ठेव.

तुझी हीरा