नेट बंद, मेल चालू

१ जानेवारी
आजपासून मोबाईलचं नेट बंद. द्राक्षाचा सीझन संपेपर्यंत बंद. काल रील बघता बघता पेट्यांचं एक पॅलेट कोल्ड स्टोरेजच्या भलत्याच चेंबरमध्ये ढकललं. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, नाथा, तुझं डोकं पण कोल्ड स्टोरेजला ठेव, टिकेल तरी. सगळे हसले. हसू दे. परभणीच्या पुढून इतक्या लांब सायखेड्याला मी नुसत्या पेट्या ढकलायला आलो नाही. आठवी पास माणूस पुढं जात नाही असं कुठं लिहिलंय? संकल्प असा: नेट नाही, रोज दोन इंग्रजी शब्द, रोज डायरी. मार्चपर्यंत मीच सुपरवायझर.

२ जानेवारी
नेट चालू केलं नाही. जेवल्यावर रूममेट हर्षलच्या मोबाईलवर रील बघितले. ते धरायचं नाही, नेट त्याचं आहे. इंग्रजी शब्द उद्या चार.

६ जानेवारी
आज मोठा शोध लागला.
आमच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसच्या गेटवर सहादूबाबा वॉचमन आहेत. तिथंच खोलीत बाबा आणि कुसामावशी राहतात. मावशी मला भाकरी देतात, म्हणून मी त्यांची बारीकसारीक कामं करतो. त्यांचा राकेश दिवाळीनंतर जहाजावर गेला, किचनला. जहाज पाण्यात असलं की फोन लागत नाही, तिथल्या कॉम्प्युटरवर मेल तेवढा येतो जातो. बाबांचा फोन बटणाचा. म्हणून राकेशला मेलचा पत्ता माझा दिलाय. जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला होता, घरी कोणी लय आजारी पडलं तर मेल टाक. मेल दाखवला तर कंपनी पुढच्या बंदरावर उतरवते. तोंडी सांगितलेलं चालत नाही.
तर आज बाबा म्हणाले, राक्याचं मागचं पत्र वाचून दाखव. नेट बंद होतं. तरी मेल उघडला! अक्षर न अक्षर! म्हणजे मेलला नेट लागतच नाही. लोक उगाच टेन्शन घेतात. हर्षल म्हणाला, अरे येड्या, जुनं फोनमध्ये साठवलेलं असतं, नवीन येणार नाही. त्याच्या तोंडावर उघडून दाखवला तरी ऐकेना. जळतो.

१० जानेवारी
कुसामावशींच्या पायाला सूज. गेटपर्यंत चाललं तरी धाप लागते. बाबा म्हणाले, राक्याला कळवून ठेव. लगेच मेल लिहिला: आईला जरा बरं नाही, काळजी करू नकोस. पाठवायचं बटण दाबलं, गेला. बाबा बघतच राहिले. म्हणाले, एवढ्यात समुद्रात? मी म्हटलं, बाबा, टेक्नॉलॉजी आहे.
इंग्रजी शब्द: टेक्नॉलॉजी. दुसरा उद्या.

१७ जानेवारी
उत्तर नाही. मेलच्या खाली बारीक अक्षरात दिसतं की रांगेत आहे. आधी जरा घाबरलो, मग लक्षात आलं. आपल्या गेटवर कंटेनर नाही का थांबत, नंबर आला की आत. जहाज लांब आहे, जगभरातले मेल जाणार, टाइम लागणारच. हर्षल म्हणाला, माझा हॉटस्पॉट घे, एक मिनिटाचं काम. मी म्हटलं, माझा संकल्प आहे. तो म्हणाला, मग माझ्या फोनवर रोज रात्री काय करतोस, आरती? असल्या माणसाच्या नादी लागायचं नाही. झोपताना त्याचा फोन घेतला, पण थोडाच वेळ.

२३ जानेवारी
मावशींना निफाडला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. दुसरा मेल टाकला, जरा जोर देऊन: आईला दवाखान्यात नेलं, जमेल तसं निघ.
मावशी आल्या आल्या मला विचारतात, आलं का रे राक्याचं? मी म्हटलं, नाय अजून. म्हणाल्या, त्या डबड्यात नीट शोध, खाली दबलं असंल. परत म्हणाल्या, तुझा फोन आन् माझा नवरा सारखेच. हाका मारून घसा बसला तरी वो नाय. बाबा हसले. मी पण.
आमच्या आईचा फोन येऊन गेला. हर्षलच्या मोबाईलवर मॅच रंगली होती. उद्या करतो.

३१ जानेवारी
तिसरा मेल. उत्तर शून्य. तीन मेल टाकल्यावर माणूस गप्प बसतो म्हणजे काय समजायचं? बाबांना स्पष्ट सांगितलं, मेल पोचलेत, तो वाचतोय, उत्तर देत नाही. बाबा म्हणाले, कामात असंल. मी म्हटलं, एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? बाबा हातातल्या बॅटरीचं झाकण उगाच उघडत बंद करत बसले.
खरं बोलायला हिंमत लागते. ती माझ्यात आहे.

६ फेब्रुवारी
मावशींना उठवत नाही. चौथा मेल मी माझ्या मनाने लिहिला, बाबांना वाचून दाखवला नाही. लिहिलं: तू मुलगा आहेस का दगड? परक्याचं पोर तुझ्या आईला पाणी देतंय, लाज वाटू दे. लिहिल्यावर हलकं वाटलं. असं लिहिता येतं मला, शाळेत कोणी ओळखलं नाही.

८ फेब्रुवारी
मावशींनी फळीवरचा डबा काढायला सांगितला. बेदाण्याचा. निवडून, देठ काढून राकेशसाठी ठेवलेला, त्याला खिरीत आवडतात म्हणून. माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, खा तू. त्याला तिकडं काय कमी हाय. मी म्हटलं, राहू द्या मावशी, येईल तो. तर भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, नगं सांगू मला त्याचं. तोंड फिरवलंय त्यानं.
बेदाणे गोड होते. अर्धा डबा संपवला.

११ फेब्रुवारी
मावशी नाशिकला, सरकारी दवाखान्यात. बाबांबरोबर मी गेलो. परत येताना नाशिकच्याच द्वारका चौकात गाडी बदलली, तिथं फुल रेंज होती, पाचही काड्या. उभ्या उभ्या पाचवा मेल लिहिला: आई तुझी वाट बघते, आत्ता निघालास तर भेट होईल. एवढ्या रेंजमध्ये तर नक्की पोचला असणार. नेटला हात लावला नाही. संकल्प म्हणजे संकल्प.

१३ फेब्रुवारी
कुसामावशी सकाळी गेल्या.
बाबांचा पुतण्या वेळेत पोचेना, मडकं धरायला मुलगा नाही. बाबा म्हणाले, नाथा, तू धर. मी धरलं. राकेशच्या जागी मी. माणसं बघत होती.
हर्षलने विचारलं, राकेशला कळवलं का? मी बाबांना विचारलं, लिहू का? बाबा म्हणाले, नगं. आजारपणात ज्याला यायचं जमलं नाय, त्याला आता कशाला सांगायचं. मला पोरगा नाय.
बरोबरच आहे. मी पण तेच केलं असतं.

२२ फेब्रुवारी
दहावा. सायखेड्याला गोदावरीच्या काठावर. पिंड ठेवला, कावळा शिवेना. झाडावर बसलेत, खाली येत नाहीत. एकाने म्हटलं, सगळं नीट करू. दुसऱ्याने म्हटलं, सहादूला सांभाळू. काही नाही. एक म्हातारी म्हणाली, पोरात जीव अडकलाय, दुसरं काय असणार. बाबा दुसरीकडे बघायला लागले. शेवटी मी पुढं झालो, हात जोडले, मोठ्याने म्हटलं, मावशी, राकेशला मी आणतो, माझा शब्द. कावळा आला! एका झडपेत! सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तर नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
लिहायचं नव्हतं.
हर्षल फोनवर घरच्यांशी बोलत बाहेर गेला होता. माझा दिवस तसा गेलेला. म्हटलं पाचच मिनिटं रील बघू. नेटचं बटण दाबलं.
फोन थरथरायला लागला, थांबेचना. व्हॉट्सअॅपला राकेशचे किती कॉल येऊन गेलेले. त्याचे मेल आत आले. पहिला: आई कशी आहे, बरेच दिवस काही नाही. मग: नाथा, रागावलास का, एक ओळ टाक. मग: दहा तारखेला कोलंबोला लागतोय, तुला फोन लावतोय, इथून नेटवरूनच लागतो, बाबांच्या फोनला लागत नाही. सगळं ठीक असेल तर ठीक. नसेल तर एक ओळ टाक, इथून घर जवळ आहे.
ते वाचत होतो तर माझे मेल निघाले. रांगेतले. एकामागून एक. जरा बरं नाही, काळजी करू नकोस. गेला. दवाखान्यात नेलं. गेला. नेट बंद करायला गेलो, भलतंच दाबलं. दगडवाला गेला. आत्ता निघालास तर भेट होईल, तो पण गेला.
हर्षल आत आला, स्क्रीन बघितली. स्वतःचा फोन खिशात घातला, परत बाहेर गेला. येड्या म्हणाला असता तर बरं झालं असतं.

२३ फेब्रुवारी
खरं तर चूक फोनवाल्यांची आहे. रांगेत म्हणजे गेलेलंच नाही, असं मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. आठवी पास माणसाला कसं कळणार?
हे हर्षलला सांगितलं. तो म्हणाला, मी तुला जानेवारीत सांगितलं होतं.
कामावर गेलो नाही. बाबांकडे पण नाही.

२४ फेब्रुवारी
राकेशचं उत्तर आलं. इथं उतरवून ठेवतो:
पाचही मेल आज एकदम मिळाले. कॅप्टनला दाखवले, पुढच्या बंदरावर उतरवतायत. शिव्या दिल्यास ते बरं केलंस. आईला सांग, निघालोय. मी येईपर्यंत तिच्या जवळून हलू नकोस.

गेटवर गेलो. बाबा स्टुलावर बसले होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचून दाखवलं, त्याचे आणि माझे. दगडवाला पण. कोणता कधी गेला ते पण सांगितलं. वाटलं, मारतील. काठी शेजारीच होती.
बाबांनी विचारलं, म्हंजे त्याला ठावंच नव्हतं?
मी म्हटलं, नाही.
एक ट्रक आला, बाबांनी उठून गेट उघडलं, नंबर लिहिला, गेट लावलं, परत येऊन बसले. मग म्हणाले, ती राक्यावर रुसून गेली रे.
मी बेदाण्याचा डबा आणला होता. अर्धा उरलाय, तो स्टुलाखाली ठेवला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. म्हणाले, लिही त्याला. मी विचारलं, काय लिहू? म्हणाले, तुला लय लिहिता येतं ना. लिही.
माझ्या फोनला चार्जिंग होतं, रेंज होती, नेट चालू होतं. आई तेरा तारखेला गेली, एवढंच लिहिलं. बटण दाबलं.
या खेपेला लगेच गेला.