परसातलं झाड आणि यजमान यांची व्यवस्था

मी, सौ. नीलांबरी गुरुनाथ घाटपांडे, राहणार नेपल्स, फ्लोरिडा, लिहून ठेवते की माझं शरीर कॅन्सरने पोखरलं आहे, पण बुद्धी शाबूत आहे आणि राग तर चांगला धडधाकट आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली केलेलं नाही. दबाव झुगारायला जन्म गेला.

१. घर माझ्या पगारातून, माझ्या नावावर घेतलेलं आहे. ते मुलगी अनिका हिला देते. या राज्यात नवऱ्याला घराबाहेर काढता येत नाही, असं वकील म्हणाले. उत्तम. यजमान श्री. गुरुनाथ यांनी मरेपर्यंत तिथेच राहावं. अनिकाच्या सहीशिवाय घर विकता येणार नाही, आणि तिने सही देऊ नये.

२. परसातलं झाड तोडू नये. आम्ही राहायला आलो तेव्हा पारंब्या बघून यजमान म्हणाले, "वडच आहे हा! वटपौर्णिमेची सोय झाली." तो वड नव्हे. दक्षिण फ्लोरिडा, कॅरिबियन बेटं, मेक्सिको ते पनामा इथल्या दमट रानांतलं ते स्ट्रँग्लर फिग. पक्षी बी टाकतात दुसऱ्याच झाडाच्या शेंड्यावर. तिथून मुळं खाली उतरतात आणि त्या झाडाला आवळून मारतात. आमच्या झाडाने एक पाम मारला आहे. हे सांगितलं तर म्हणाले, "भाव महत्त्वाचा, यार. तू सूत गुंडाळ."

गेल्या ज्येष्ठात किमो चालू असताना त्यांनी मला उपाशीपोटी, वॉकर धरून सात फेरे घालायला लावले आणि व्हिडिओ महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला. त्याच आठवड्यात त्यांना फोनवर बोलताना मी ऐकलं: "हिचं दिवाळीपर्यंत आहे. मग झाड कट करू, घर विकायला लिस्ट करू."

मुळं न्हाणीघराखाली पोचली आहेत. पोचू द्यावीत.

३. दागिने अनिकाला. मंगळसूत्र यजमानांना परत.

४. बचत ट्रस्टमध्ये राहील. यजमानांनी दर वटपौर्णिमेला निर्जळी उपास करून सात फेरे घालावेत, "सात जन्म हीच बायको मिळो" असं मोठ्याने म्हणावं आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकावा. मगच त्या वर्षीचे पैसे द्यावेत. अनिका म्हणाली, "आई, धिस इज सो क्रूएल." मी म्हटलं, "हो गं. कुठे पळवाट राहिली नाही ना, तेवढं बघ."

५. माझ्या अस्थी नाशिकला नेऊ नयेत. पाम कुजून झाडाच्या पोटात पोकळी झाली आहे, तिथे ठेवाव्यात. यजमानांनी पहिला फेरा त्यानंतर घालावा. आपण कोणाभोवती फिरतोय, हे त्यांना माहीत असलं पाहिजे.

वाचून, समजून सही केली.

नीलांबरी गुरुनाथ घाटपांडे

साक्षीदार:
सुवर्णा देवधर, शेजारीण
परीक्षित रानडे, सचिव, महाराष्ट्र मंडळ

नेपल्स, १२ ऑगस्ट २०२५