नाशिकला दिसलेली फिकी रेघ

ती. आक्का,

करंजपाड्याहून विमलचा पदर सावरून नमस्कार. (पदर सरकारी युनिफॉर्मच्या साडीचा आहे, पण नमस्कार घरचाच.) तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींचा खोकला थांबला का, की अजून खोकल्यावरच घरात कुठं आहेत ते कळतं? सायखेड्याला मागच्या आठवड्यात पाऊस झाला म्हणे, कांद्याच्या रोपांचं काय झालं तेही कळवा.

पत्र पाहून दचकू नका. फोन करता आला असता, पण फोनवर माझं पहिलं वाक्य संपलं की तुमचं सुरू होतं आणि माझं दुसरं तसंच राहून जातं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तेवढी माझी दुसरी वाक्यं साठून आहेत. या खेपेला मला सलग बोलायचंय. इकडे सगळं ठीक आहे. (ठीक म्हणजे किती ठीक, ते पत्र संपल्यावर तुम्हीच ठरवा.)

तर झालं असं, की पावसाळ्याच्या तोंडाला आम्हा नर्सबायांना एका दिवसाचं प्रशिक्षण झालं. तुम्हाला ठाऊकच आहे, ताप आलेला माणूस उपकेंद्रात आला की मी त्याचं बोट टोचते, रक्ताचा थेंब मलेरियाच्या पट्टीवर टाकते आणि पंधरा मिनिटं थांबते. एक रेघ उमटली तर पट्टी चालू आहे आणि माणूस सुटला. दोन उमटल्या तर मलेरिया. हे काम मी तेवीस वर्षं करते आहे. आधी काचेवर रक्त घेत होते, आता पट्टीवरही घेते, पण बोटं तीच आणि टोचणारीही तीच. आता नवीन असं, की प्रत्येक पट्टीचा मोबाइलवर फोटो काढायचा. रेंज आली की तो आपोआप नाशिकला जातो. तिथं बसलेली माणसं पट्टी बघतात, मी बरोबर वाचली का ते तपासतात आणि माझ्या उपकेंद्राच्या नावापुढं हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका देतात. या वयात पुन्हा पेपर तपासून यायला लागले, आक्का, तेही ठिपक्यांनी.

पहिले फोटो नापास झाले. पट्टी स्टीलच्या ताटात ठेवली तर चकाकी आली. टेबलावर ठेवली तर उजेड कमी पडला. ओट्यावर उन्हात ठेवली तर फोटोत कोंबडीची चोच आली, कारण साळूबाईची कोंबडी तिच्या मागं मागं दवाखान्यात येते. (साळूबाई म्हणजे आमची आशाताई. पाड्यावरच्या कुणाला ताप आला तर त्याच्या घरच्यांच्या आधी हिला कळतं.) खाली पांढरं काहीतरी हवं असं नाशिकहून कळलं. घरात पांढरं शोधलं तर एकच सापडलं: तुम्ही वास्तुशांतीला तुमच्या भावाला केलेला सदरा. तो घडी घालून पट्टीखाली ठेवला. फोटो फार सुरेख आला. सदऱ्याच्या खिशावर एक थेंब पडला आहे, तो खिशाच्या आतल्या बाजूनं दिसत नाही. पुढं आरोग्य केंद्रातून पांढरा पुठ्ठा मिळाला, तेव्हा सदरा सुटला.

आता नाशिकच्या मुलीबद्दल. तिचं नाव तेजस्विनी. आवाजावरून चोवीस-पंचवीसची असावी. रोज अकराच्या सुमारास फोन. मॅम, कालची तिसरी पट्टी बाविसाव्या मिनिटाला वाचली आहे, वीसच्या पुढं वाचायची नसते. मॅम, रक्त थोडं जास्त पडलंय. एकदा तर म्हणाली, मॅम, पट्टीशेजारी ते लहान लहान काय आहे? शेंगदाणे होते, आक्का. पंधरा मिनिटं नुसतं बसून माणूस काय करणार? त्या दिवशी दवाखान्यात अकरा बायका बसल्या होत्या, फोन स्पीकरवर होता, आणि सगळ्या शेंगदाण्यांवर हसल्या. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हे बघ बाळ, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी बोटं टोचते. शेंगदाणे मोजायचे असले तर नाशिकच्या बाजारात मोज. माझ्या पट्ट्यांत मलेरिया शोध, दुसरं काही शोधू नकोस." तिकडून बारीक आवाजात "सॉरी मॅम" आलं. त्यानंतर आठ दिवस फोन नाही. मी साळूबाईला म्हटलं, बघ, कशी सरळ केली. साळूबाई कोंबडी हाकलायला बाहेर गेली. ती अशी उठून जाते तेव्हा तिला काहीतरी पटलेलं नसतं, हे मला कळायला पाहिजे होतं.

याच आठ दिवसांत तुमच्या भावाला आळस आला.

हा शब्द मी तेव्हा वापरला होता, म्हणून लिहिते. हे पेठच्या पलीकडं एका पाड्यावर पाण्याची मोटार बसवायला गेले होते. दोन मुक्काम झाले, झोपले ओट्यावर, मच्छरदाणी घरी खुंटीला. परत आल्यावर दहा-बारा दिवस बरे होते, मग एक दिवस दुपारीच गोधडी घेऊन बसले. म्हणाले, "विमल, थंडी वाजते." बाहेर ऑक्टोबरचं ऊन असं, की पत्र्यावर पापड भाजावेत. अंग तापलं होतं, म्हणून मी रीतसर बोट टोचलं, पंधरा मिनिटं मोजली (शेंगदाण्यांशिवाय), फोटो काढला. एकच रेघ. निगेटिव्ह. काचेवरही रक्त घेतलं, पण ती काच पुढं तपासायला जाते आणि उत्तर यायला दिवस लागतात. मी क्रोसिनसारखी तापाची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी हे खडखडीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा गोधडी.

आता दिवाळी आठ दिवसांवर आली होती, घर सारवायचं, माळा झाडायचा. मला वाटलं, एक दिवसाआड येणारा हा ताप माळ्याचा आहे. तुम्हाला खोटं वाटेल, तेवीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला एक दिवसाआड थंडी म्हणजे काय हे सांगावं लागतं का? लागत नाही. पण माझ्या हातानं मी पट्टी लावली होती आणि माझ्या डोळ्यांनी एकच रेघ बघितली होती. मी म्हटलं, "टेस्ट निगेटिव्ह आहे, उठा." हे म्हणाले, "टेस्टला थंडी वाजत नाही, मला वाजते." मी म्हटलं, "आळसाची टेस्ट अजून निघाली नाही, नाहीतर चार रेघा आल्या असत्या." हे उठले, माळ्यावर चढले आणि माळा झाडून खाली आले. चढताना शिडी हलत होती. शिडीच मोडकी आहे असं मी समजले.

शुक्रवारी नाशिकचा फोन आला. आधी मी घेतला नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा साळूबाई म्हणाली, "बाई, घे ना. पोरगी उगाच नाय करत." तेजस्विनी एका दमात बोलली, पाठ करून ठेवल्यासारखं. "मॅम, रागावू नका. पट्टीवरची पहिली रेघ, जी नेहमी ठळक यायला हवी, ती तुमच्याकडं दहा दिवसांपासून फिकी होत चाललीय. तुम्ही बरोबर वाचताय, पट्टीच बरोबर नसावी. किट कुठं ठेवता?"

मी म्हटलं, "कपाटात. कुलूप लावून. आणखी कुठं, देव्हाऱ्यात?"

"कपाट कुठं आहे?"

"भिंतीला."

"वर काय आहे, मॅम?"

वर पत्रा होता, आक्का. लोखंडी कपाट, पत्र्याखाली, आणि किटचा खोका सगळ्यात वरच्या फळीवर, पोरांचा हात पुरू नये म्हणून. ती म्हणाली, आत हात घालून बघता का? मी घातला. चुलीच्या वैलावर ठेवल्यासारखा लागला. थर्मामीटर ठेवला तर एक्केचाळीस. किटच्या खोक्यावर तीसच्या वर ठेवू नका असं ठळक छापलंय. ते मी वाचलेलं होतं. इतरांना वाचूनही दाखवलेलं होतं.

मी खुर्चीवर बसले. तेजस्विनी म्हणाली, मॅम, या दहा दिवसांत निगेटिव्ह आलेले अकरा जण आहेत, सगळ्यांची नव्या खोक्यातून पुन्हा टेस्ट करावी लागेल, मी नावं वाचते. ती वाचत गेली, मी लिहीत गेले. अकरावं नाव तिनं अगदी इतर नावांसारखंच वाचलं: झुंबर रामभाऊ, वय चौपन्न. तिला काय माहीत, ते माझ्याच घरातलं आहे. माझा पेन तिथं थांबला.

आरोग्य केंद्रातून दुपारपर्यंत नवा खोका आला, थंड पेटीत घालून. मी आणि साळूबाई निघालो. आधी घरी जावं असं मनात फार आलं, तुमच्यापासून काय लपवायचं. पण यादीत चौथी होती शकुबाईची साक्षी. सात वर्षांची. तिला मीच "काही नाही, शाळेत पाठव" म्हटलं होतं. तिच्याकडं आधी गेले. पोरगी भिंतीला टेकून बसली होती, ओठ कोरडे. बोट टोचलं तर रडलीसुद्धा नाही. दोन रेघा उमटायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

मी शकुबाईला सांगितलं, "चूक माझी आहे. मागची पट्टी उन्हानं खराब झाली होती. ती मीच वर ठेवली होती." तेवीस वर्षांत हे वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं, तुम्हालाही नाही, आणि तुम्ही संधी पुष्कळ दिल्यात. शकुबाईनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलेल, आणि बोललीच पाहिजे. ती म्हणाली, "आता औषध देशील ना? मग दे. नंतर बोलू." गाडी बोलावून दोघींना लगेच आरोग्य केंद्रात पाठवलं. पोरीला तीन दिवस तिथं ठेवलं होतं. आता ती बरी आहे, परवा साळूबाईच्या कोंबडीमागं पळताना बघितली. शकुबाई अजून बोललेली नाही. मी रोज त्यांच्या दारावरून जाते, ती बोलेल तेव्हा ऐकायला.

बाकी नऊ जण निगेटिव्ह. मग घरी आले. हे गोधडीत. म्हणाले, "आज काय झाडायचंय?" मी बोट पुढं करायला सांगितलं. पुन्हा दोन रेघा. मी पट्टी त्यांच्या डोळ्यांपुढं धरली. त्यांनी पट्टी उजेडात धरून नीट बघितली, मोटारीची वायंडिंग बघतात तशी, आणि म्हणाले, "म्हणजे मी आळशी नाही, हे सरकारनं मान्य केलं. लेखी दे." दिलं, आक्का. दवाखान्याच्या कागदावर, सही-शिक्क्यासकट. आता तो कागद आरशाच्या बाजूला चिकटवलाय. डॉक्टरांनी तपासून औषध सुरू केलं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

संध्याकाळी मी तेजस्विनीला फोन केला. आभार मानायचे होते, पण मला ते नीट जमत नाहीत, म्हणून जेवलीस का विचारलं. ती म्हणाली, "मॅम, रेघ फिकी व्हायला लागली हे मला तिसऱ्याच दिवशी दिसलं होतं. फोन करायला घाबरले. वाटलं, तुम्ही पुन्हा रागवाल. मला आधीच करायला हवा होता." साक्षीची टेस्ट पाचव्या दिवशीची होती, यांची सहाव्या. पत्रा माझ्या डोक्यावर होता आणि जीभ माझ्या तोंडात होती. पोरीला म्हटलं, "आता रोज कर. मी ओरडले तरी कर. फोन ठेवला तर साळूबाईच्या नंबरवर कर." ती करते. काल म्हणाली, मॅम, पट्टी थोडी वाकडी ठेवलीय. मी ती सरळ केली.

किटचा खोका आता मागच्या खोलीत खाली, भिंतीच्या गारव्याला आहे, आणि शेजारी थर्मामीटर. नावापुढं ठिपका अजून लाल आहे. महिनाभर तसाच राहील म्हणतात. असू दे.

दाजींना नमस्कार. तुम्ही गुडघ्याला तेल लावता ना?

तुमची,
विमल

ता. क. तुमचा भाऊ बरा आहे असं वर लिहिलंय ते खरं आहे, आणि तीच अडचण आहे. गोळ्या चौदा दिवसांच्या आहेत, नाहीतर हा मलेरिया यकृतात दबा धरून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो. हे सहाव्या दिवसापर्यंत घेत होते. सातव्या दिवशी म्हणाले, बरं वाटतंय, बंद. मी समजावलं तर म्हणाले, "निगेटिव्ह म्हणणारी तूच ना?" एक दिवस चुकला. डॉक्टर म्हणाले, आजपासून पुढं चालू करा आणि पूर्ण करा. आठ दिवस उरलेत. हे या जगात फक्त तुम्हाला घाबरतात. म्हणून विनंती: रोज रात्रीचं जेवण झालं की व्हिडिओ कॉल करा आणि तुमच्या डोळ्यांसमोर गोळी घ्यायला लावा. माझ्या सलग बोलण्याचं खरं कारण हेच.

ता. क. २. गिळल्यावर तोंड उघडायला लावा. जिभेखालीही बघा.

ता. क. ३. कसं कळलं असं त्यांनी विचारलं तर विमलनं कळवलं असंच सांगा. खोटं सांगू नका. आणि आक्का, ओरडायचं असेल तर मला ओरडा. त्यांना आठ दिवस नुसतं विचारा, की बाबा, अजून थंडी वाजते का. मी ते एकदाही विचारलं नव्हतं.