टेबलाखालचं खोकं

प्रिय खटपट्या,

काल तुझ्याकडे येऊन चहा प्यायले, तुझ्या लेकीचं चित्र पाहून वाहवा केली आणि जे सांगायला आले होते ते गिळून परत गेले. तू समोर असलास की माझी जीभ उचलत नाही, म्हणून हे कागदावर. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसून लिहितेय. तीन वाजता साहेबांनी बोलावलंय, त्याआधी पत्र संपवायचं आहे.

काल तू नळ बंद केलास आणि पुन्हा पिळून पाहिलास. मग गॅसचं बटण, मग दाराची कडी, सगळं दोनदा. तुझी बायको हसण्यावारी नेत होती, पण तिला रडू येत होतं. पान्यांची पिशवी माळ्यावर गेलेली दिसली आणि टीव्हीजवळ वॉचमनच्या नोकरीचा फॉर्मही. सोमवारी देणार म्हणालास.

लहानपणी सायकलमध्ये हवा भरतानाही तू पंपाची नळी दोनदा ओढून बघायचास, आणि मी तुला म्हातारा म्हणून चिडवायचे. इथे कारखान्यातही तेच, मशीनची हवेची ट्यूब कनेक्टरमध्ये बसवली की दोनदा ओढायची. त्या गुरुवारी तिसऱ्या मशीनवरची ट्यूब निसटली, हवा गेली आणि हवेच्या दाबावर उचललेली क्लॅम्पची प्लेट तिथे काम करणाऱ्या मावशींच्या बोटांवर आली. बोटं वाचली, पुढच्या महिन्यात त्या कामावर येतील. पण चौकशीत तू म्हणालास, ओढून पाहिली होती, आणि थोडं थांबून म्हणालास, बहुतेक. त्या एका शब्दावर सगळं तुझ्या माथी आलं. मी त्याच खोलीत होते, खरेदीची फाइल मांडीवर घेऊन. ती उघडलीच नाही.

आता ऐक. तुझी ट्यूब सहा एमएमची होती आणि सहाचे कनेक्टर संपले होते. लाइन बंद, मॅनेजर माझ्या डोक्यावर उभे. दुकानात पाव इंचाचे मिळत होते. पाव इंच म्हणजे सहाहून जेमतेम एक तृतीयांश एमएम जास्त. मला हे ठाऊक होतं रे. अठरा वर्षं मी हेच निवडतेय, हवेचा दाब किती, जागा गरम किती, पितळी घ्यायचा की प्लास्टिकचा, आणि सगळ्यात आधी ट्यूबचं बाहेरचं माप. तरी म्हटलं, दोन दिवस चालून जाईल. तुझ्या हातात सुटेच कनेक्टर ठेवले. ताईने दिलेत म्हणून तूही माप पाहिलं नाहीस. ट्यूब बसली, ओढल्यावर निघाली नाही. पण मशीनचे हादरे बसत गेले तशी ढिल्या भोकातली ती पकड सुटत गेली. मंगळवारी सहाचे कनेक्टर आले. खोकं मी पायाने टेबलाखाली सरकवलं आणि विसरले. गुरुवारी मावशी किंचाळल्या तेव्हा धावत उठले आणि त्याच खोक्याला अडखळले.

मला भीती वाटली. नोकरीची, लोकांची, आणि सगळ्यात जास्त तुझी.

आज सकाळी बाकीच्या चार मशीन बंद करायला लावल्या आणि तिथलेही पाव इंचाचे कनेक्टर बदलून घेतले. सगळं लिहून, सही करून साहेबांकडे दिलंय. ते काय करतील माहीत नाही, घरी बसवतीलही. पण तुला हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून त्यांच्यासमोर जाण्याआधी तुला लिहितेय. पाकिटात दोन कनेक्टर आणि ट्यूबचा तुकडा ठेवलाय. आधी पाव इंचाच्या कनेक्टरमध्ये बसव आणि दोनदा ओढ, निघणार नाही. मग जरा हलवत राहा आणि तिसऱ्यांदा ओढ. ट्यूब हातात येईल. नंतर तीच सहाच्यात बसव आणि हवी तेवढी हलवून ओढत बस. तू त्या दिवशी ओढून पाहिली होतीस. बहुतेक नाही, नक्की. तो फॉर्म फाडून टाक, आणि जमलं तर मला माफ कर.

तुझीच,
ताई