सोळा टोपडी

नांदगाव,
१२ जानेवारी २०२५

चि. नवसास, बयाअक्काचे आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून कागद कशाला खराब करते म्हणशील. आमच्या घरचा फोन कायम मोठ्या आवाजात लावलेला. मी इकडं खोकले तर गल्लीच्या टोकाची शकुबाई काढा घेऊन येते. म्हणून हे पत्र. तू द्राक्षवाली श्रीमंतीण, सोन्याच्या काडीचा चष्मा लावून वाच.

माझ्या नातसुनेनं, महेशच्या उज्वलानं, यंदा वरच्या रानात कांदा लावलाय. महेश इगतपुरीला रेल्वेत. रविवारी येतो, जेवतो, कपडे धुवायला टाकतो नि जातो. रान सारं तिच्यावर. तिनं तिथं सोळा फवारे बसवलेत. उभ्या पाइपावर पितळेची मुंडी, तिला हातोडी. पाणी आलं की टकटक करत गोल फिरते. फिरली तर कांदा भिजतो. अडकली तर एका जागी डबकं नि बाकी सगळं कोरडं. त्यात शेजारी खडी क्रशर. दिवसभर धुरळा. रोज दोन-तीन मुंड्या अडकतातच.

तर माझा लेक, तुझा भाचा पुंजाराम, एक दिवस सासरेपणा गाजवायला गेला आणि ट्रॅक्टरचं ग्रीस सगळ्या मुंड्यांना चोपडून आला. उज्वला सांगत होती, आबा, ह्यांना पाणीच पुरतं, ग्रीसला माती चिकटते. पण ट्रॅक्टरला चालतं ते फवाऱ्याला का चालू नये, असा त्याचा सवाल. दुसऱ्या दिवशी ग्रीसमध्ये धुरळा मुरून अशी खळ झाली, की सोळाच्या सोळा मुंड्या गप्प. मग म्हणतो कसा, बाईच्या हाती रान दिलं की असंच व्हायचं. मी म्हटलं, ग्रीस तर बाप्याच्या हातानं लागलं होतं. झालं, रुसला. त्या रानात पाय ठेवणार नाही म्हणतो.

रुसला तर रुसू दे, पण क्रशरवाल्याला ते रान ट्रक उभे करायला भाड्यानं पाहिजे. कांदा बिघडला की देऊन टाकतो, असं हा त्याला सांगून आलाय. एकदा ट्रक फिरले, खडी सांडली, की रान परत रान होत नाही. उज्वलानं मुंड्या खोलल्या, डिझेलनं नि मग साबणानं धुतल्या. परत बसवल्या. पण धुरळा रोजचाच.

तुमच्या बागेत नळ्या लय. धुळीला काय करता ते कळव.

माया आहेच. ती टिकवायची तर उत्तर चार ओळींपेक्षा मोठं टाक.

तुझी,
बयाअक्का


दिंडोरी,
२१ जानेवारी २०२५

ति. बयाअक्कास, धाकट्या नवसाचा शि. सा. न.

चष्म्याची काडी प्लॅस्टिकची आहे. तीही दोऱ्यानं बांधलेली.

आमचं ठिबक. त्यात फिरणारं काही नाही, आमच्याकडं फिरतात ते फक्त औषधांचे एजंट. तरी सांगते. पाण्यातला गाळ नि शेवाळ अडवायला मोटारीच्या सोंडेला जाळी बांधा. फवारे सुरू करायच्या आधी पाइपाचं शेवटचं तोंड उघडून घाण पाणी जाऊ द्या. राहिला वरचा धुरळा. तान्ह्या लेकराला धुरळ्यातून नेताना आपण काय करायचो? टोपडं घालायचो. पाणी द्यायच्या वेळी काढा, मोटार बंद झाली की घाला.

फक्त तू शिवू नकोस. माझ्या थोरल्याला तू शिवलेल्या झबल्यात त्याचं डोकं बाहीतून निघालं होतं. पुंजारामला माझा आशीर्वाद नि ग्रीसचा डबा कुलपात.

आठवण ठेवतेस तशी ठेव, शिव्यांसकट.

तुझी,
नवसा


नांदगाव,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. नवसास, आशीर्वाद.

टोपडी मीच शिवली. हिरव्या काठाचं जुनं लुगडं फाडलं, कानाला नाड्या लावल्या. एकही मुंडी बाहीतून निघाली नाही. आता फवारे टकटक फिरतात नि कांद्याला पात अशी आलीय की बघत राहावं.

पण ऐक. मी ओट्यावर बसून शिवत होते. शकुबाईनं पाहिलं. लहान लहान टोपडी, तीही एवढी! तिनं मला विचारलं नाही, थेट गावाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी उज्वलाला चिंचा आल्या, कैरीचं लोणचं आलं. लग्नाला तीन वर्षं झाली, घरात माझ्याशिवाय दुसरी बाई नाही, त्यामुळं खरंखोटं करणारं कोणी नाही. पुंजाराम लाजेनं महेशला विचारत नाही, नि महेशला काही माहीत नाही, नेहमीसारखं.

पुंजाराम मात्र पालटला. क्रशरवाल्याकडं जाऊन म्हणाला, कांदा निघेपर्यंत थांब, नातवाच्या वाट्याचं रान आहे. आपली शपथ मोडायला नको म्हणून रानात जात नाही, पण बांधापर्यंत तिचा डबा पोचवतो. मी खोटं बोलले नाही. मला कोणी विचारलंच नाही. गावाला पोरीच्या पोटाची काळजी, पिकाची एकालाही नाही.

कळव, आणि ओरडू नकोस.

तुझी,
बयाअक्का


दिंडोरी,
२४ फेब्रुवारी २०२५

ति. अक्कास, सा. न.

ओरडणारच. तू हसतेस, पण त्या चिंचा कोणाला खाव्या लागतात? पोरीला विचारलंस का? चैत्रात पोट सपाट नि कांदाचाळीत कांदा, मग काय सांगशील? गाव तुला नाही बोलणार, तिला बोलेल.

राग मानायचा तर मान. तरीही तुझीच,
नवसा


नांदगाव,
२० एप्रिल २०२५

चि. नवसास, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुला शिव्या दिल्या, मग उज्वलाला विचारलं. म्हणाली, आजी, तीन वर्षं गाव माझ्या नावानं बोटं मोडतंय. दोन महिने त्याच बोटांवर माझे दिवस मोजू दे. रान वाचलं की मीच सांगेन. चिंचा तिला आवडत नाहीत, त्या मी खाल्ल्या. दात आंबले.

काल कांदा काढायला सुरुवात केली. आमचे आबासाहेब शपथ मोडून आले, हातात शहाळं. सुनेला वाकू नको म्हणायला आले होते. कांदा बघून आधी डोळे मोठे झाले. मग फवाऱ्यांकडं लक्ष गेलं. सोळा पाइपांवर सोळा टोपडी, हिरव्या काठाची. माझं लुगडं त्यानं ओळखलं. मला विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, तुझी नातवंडं. सोळा आहेत, एकही रडत नाही.

बाया हसून लोळल्या. सगळ्यांत मोठ्यानं शकुबाई, जसं काही ते तिनं गावभर केलंच नव्हतं. उज्वला सरळ उभी राहिली नि म्हणाली, आबा, मला काही नाही, पण कांदा आहे. मला वाटलं, चालला आता हा क्रशरवाल्याकडं.

तो जवळच्या फवाऱ्यापाशी गेला. तिथली नाडी सुटली होती. शहाळं काखेत धरून त्यानं ती बांधली, दुहेरी गाठ. उज्वलाकडं न बघता म्हणाला, नीट बांधत जा, धुरळा शिरतो. शहाळं मला दिलं. संध्याकाळी क्रशरवाला आला, पुंजारामनं त्याला ओट्यावरूनच सांगितलं, रान रिकामं नाही.

उज्वला पुढच्या साली आणखी फवारे घ्यायचं म्हणतेय. तुझं एखादं जुनं लुगडं असेल तर धाड. श्रीमंतीण म्हणवतेस तर फाटकं नको पाठवू. सोळा नातवंडांचा तुला नमस्कार, माया कमी करू नकोस.

तुझी,
बयाअक्का